गावाने बांधलेला समुद्र

मासेमारांचे गाव म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? वाळूचा किनारा, ओळीने ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि पाण्याच्या अगदी कडेपर्यंत आलेली दाटीवाटीची घरे. मुंबईचा वरळी कोळीवाडा किंवा रायगड-रत्नागिरीकडची एखादी कोळ्यांची वस्ती तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. या वस्त्या कोणी आधी कागदावर आखल्या नव्हत्या. समुद्र तेथे होताच. होड्या लावायला खाडीचा आडोसा मिळाला, माणसे आली, घराला घर लागत गेले.

आता महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि पूर्वेच्या टोकाकडे बोट न्या. वैनगंगेच्या काठी भंडारा जिल्हा दिसेल. त्यातील पवनी तालुक्यात आसगाव आहे. पवनी आणि लाखांदूर यांच्या दरम्यानच्या या सपाट, सुपीक पट्ट्याला तेथील लोक ‘चौरास’ म्हणतात. आसगावहून समुद्र किती दूर आहे ते पट्टीने मोजा. बंगालचा उपसागर सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर, आणि अरबी समुद्र त्याहूनही दूर! तरीदेखील या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारा ढिवर समाज आहे. जाळी आहेत, डोंगे आहेत, माशांचा बाजार आहे. मग या लोकांचा समुद्र कोठे आहे?

त्याचे उत्तर असे, की येथे समुद्र आधी नव्हता. तो गावाने बांधला. चौरासचा सपाट भाग ओलांडून पूर्वेला साकोलीकडे निघालात की टेकड्या सुरू होतात, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी एकामागून एक तलाव दिसू लागतात. भंडाऱ्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात ते उगीच नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. बोलताना त्याचे ‘मामा तलाव’ झाले आहे. या प्रदेशातील गाव आणि तलाव यांची आखणी एकाच वेळी, एकमेकांसाठी झाली. म्हणून ते गावाचे स्थापत्य समजून घ्यायचे, तर आधी तलावाचे स्थापत्य समजून घ्यायला हवे.

एवढा पाऊस, मग तलाव कशाला?

भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या मानाने हा पाऊस जवळजवळ दुप्पट आहे. मग पाणी साठवण्याची गरज काय?

गरज आहे ती पावसाच्या वेळेमुळे. या पावसाचा बहुतेक सर्व वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. येथले मुख्य पीक धान. जूनमध्ये पऱ्हे टाकतात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरात लोंबीत दाणा भरू लागतो. नेमक्या या वेळी पाऊस हात आखडता घेतो. रोपाने तीन महिने पाणी पिऊन घेतले असले तरी दाणा भरताना बांधी कोरडी पडली, तर लोंब्या पोकळ राहतात. म्हणजे सबंध हंगामाचे भवितव्य शेवटच्या दोन-तीन पाण्यांवर अवलंबून असते. जुलैत वाहून जाणारे पाणी ऑक्टोबरपर्यंत अडवून धरणे, हाच तलावामागचा मूळ हिशेब होय.

तलाव कोणी बांधले?

या भागात पूर्वी गोंड राजांची सत्ता होती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, हीरशहा या गोंड राजाविषयी अशी परंपरा सांगतात, की जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन तो देत असे. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांत ‘तुकूम’ हा शब्द आजही टिकून आहे. या नियमातील शहाणपण पाहा. तलाव नुसता मोठा खोदून फायदा नव्हता. त्याचे पाणी शेतापर्यंत पोहोचले पाहिजे. कारण बक्षीस खोदकामाचे नव्हते, ओलिताचे होते!

तलाव बांधण्यात विशेष नाव मिळवले ते कोहळी समाजाने. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठे तलाव बांधणारे म्हणून कोहळ्यांचा गौरवाने उल्लेख आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला असता तेथून त्याने या लोकांना आणले, अशी दंतकथाही त्यात दिली आहे. कोहळ्यांचे आवडते पीक ऊस. उसाला बारमाही पाणी लागते. तेव्हा तलावांची विद्या त्यांच्या हाती कशी वाढली असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकाल.

नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध या गावांच्या नावांतच ‘बांध’ आहे. यांपैकी नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांधांनी बंद करून सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा हा जलाशय तयार झाला. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी मदत केली अशी कथा आहे. कोलू पाटलाची तर पुढे ‘कोलासूर’ या नावाने देव म्हणून पूजा होऊ लागली. इंजिनिअराचा देव झाल्याची उदाहरणे जगात फार नसतील! पण कथेतला विज्ञानाचा धागा सोडू नका. ‘टेकड्यांनी मदत केली’ हे अक्षरशः खरे आहे, कारण तलावाच्या बहुतेक भिंती त्यांनीच फुकट पुरवल्या.

जागा कशी निवडत?

एका बशीत पाणी साठवायचे आहे, पण बशीची एक कड फुटलेली आहे, अशी कल्पना करा. तुम्ही फक्त फुटलेली कड भराल. तलावाची जागा निवडताना हेच सूत्र वापरले जाई. तिन्ही बाजूंनी जमीन चढती, एका बाजूला उतार, आणि त्या उताराच्या बाजूला जेथे मोकळी जागा सर्वांत अरुंद तेथे बांध. त्यामुळे कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडते.

दुसरी अट वरच्या अंगाच्या जंगलाची. जंगलातील पाचोळा आणि मुळे पावसाच्या थेंबांचा मार झेलतात. माती जागेवर राहते आणि पाणी तुलनेने स्वच्छ येते. वरचे जंगल तुटले की तलावात पाण्याबरोबर माती येऊ लागते.

तिसरी अट तळाची. तळाशी चिकण माती हवी. तिचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात, ते एकमेकांवर बसतात आणि पाण्याला वाट देत नाहीत. तुम्ही हे स्वतः करून पाहा. तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्या. एकात वाळू आणि दुसऱ्यात ओली करून दाबलेली चिकण माती सारख्या उंचीपर्यंत भरा. दोन्हींत एक एक पेला पाणी ओता आणि घड्याळ लावून बसा. कोणत्या डब्यातून पाणी किती वेळाने खाली येते, ते वहीत लिहा.

पार: मातीची भिंत

तलावाच्या बांधाला या भागात ‘पार’ म्हणतात. पार माथ्याला अरुंद आणि पायाशी खूप रुंद असते. ती अशी का? थोडे गणित करू.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. ३ मीटर खोल पाण्याच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३ टन भाराइतका दाब असतो. पृष्ठभागावर तो शून्य असतो. सरासरी धरली दीड टन. म्हणजे ३ मीटर उंच पाणी पारेच्या प्रत्येक मीटर लांबीवर १.५ × ३ = ४.५ टन जोराने ढकलत असते. आता पाण्याची उंची दुप्पट, म्हणजे ६ मीटर करा. सरासरी दाब ३ टन, उंची ६ मीटर. गुणाकार १८ टन! उंची दुप्पट झाली, पण जोर चौपट झाला. म्हणून पार उंच करायची तर तिचा पाया कितीतरी पटींनी रुंद करावा लागतो.

नुसता जोर सोसून भागत नाही. पाणी मातीच्या अंगातून हळूहळू झिरपत असते. पार रुंद असली की झिरपणाऱ्या पाण्याला लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेतच त्याचा जोर संपतो. पार अरुंद असेल तर पाणी पलीकडच्या उतारावर बाहेर पडते, जाताना मातीचे कण नेते, लहानसे छिद्र मोठे होते आणि एके रात्री पार फुटते. हे टाळण्यासाठी माती थराथराने टाकून, ओलसर ठेवून, दाबून बसवावी लागते. फार कोरडी माती नीट दबत नाही आणि फार ओली माती चिखल होते. आजचे अभियंते दाबण्यासाठी मातीत नेमके किती टक्के पाणी हवे ते प्रयोगशाळेत ठरवतात. जुने लोक ते मुठीत मातीचा गोळा वळून ठरवत.

पारेला आणखी एक सोबती लागतो, तो म्हणजे सांडवा. अतिवृष्टीत तलाव भरून पाणी पारेवरून वाहिले, तर मातीची पार काही तासांत वाहून जाईल. म्हणून पारेच्या एका टोकाला, जेथे जमीन घट्ट किंवा खडकाळ असते तेथे, पारेच्या माथ्याहून खालच्या पातळीवर जादा पाण्याला वाट ठेवलेली असते. हे पाणी वाया जात नाही. ते खालच्या दुसऱ्या तलावात किंवा ‘बोडी’त, म्हणजे छोट्या तळ्यात, जाते. तेथून आणखी खाली. तलावांची अशी साखळी उतरत्या पायऱ्यांसारखी खोऱ्यात पसरलेली असते.

तुडुम: बुद्धीची खरी जागा

पाणी अडवणे सोपे, पण हवे तेव्हा हवे तेवढे सोडणे अवघड. त्यासाठीची जी रचना आहे, तिला ‘तुडुम’ म्हणतात. पारेच्या आतल्या अंगाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात आणि ती लाकडी गुडद्यांनी बंद केलेली असतात. पाणी सोडताना सर्वांत वरचे भोक आधी उघडतात. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की त्याच्या खालचे, मग त्याच्या खालचे.

असे का, याचे उत्तर पुन्हा दाबात आहे. समजा भोकाचा व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस सेंटिमीटर होते. अर्धा मीटर खोलीवरच्या गुडद्यावर पाण्याचा जोर सुमारे ४ किलो भाराइतका पडेल. तो माणूस हाताने काढू शकतो. तेच भोक ३ मीटर खोलीवर असेल, तर जोर जवळजवळ २४ किलो होईल. शिवाय ३ मीटर खोलीवरून पाणी सेकंदाला साडेसात मीटरांहून अधिक वेगाने सुटेल आणि पाटाची माती उखडून टाकील. अर्धा मीटर खोलीवरून ते सुमारे ३ मीटर वेगाने सुटते. वरून खाली येत गेल्याने जोरही आटोक्यात राहतो आणि वेगही. एका उंच डब्याला तीन पातळ्यांवर सारखी भोके पाडून पाणी भरा. कोणती चिळकांडी सर्वांत लांब जाते ते पाहा, म्हणजे तुडुमाचे मर्म ध्यानात येईल.

ही अडचण जगात इतरत्रही आली आणि माणसाने ती निरनिराळ्या प्रकारे सोडवली. श्रीलंकेच्या कोरड्या प्रदेशात सुमारे दोन हजार वर्षांपासून तलाव आहेत. तेथील मोठ्या तलावांत पाण्याचा जोर मोडण्यासाठी बांधाच्या आत चौकोनी दगडी विहीर बांधत. तिला ‘बिसो कोटुवा’ म्हणतात. तमिळनाडूतील ‘एरी’ हीसुद्धा याच कुळातली. श्रीलंकेच्या तलाव-गाव साखळीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली आहे.

गावाची आखणी

आता आपण टेकडीवर उभे राहून खाली पाहत आहोत असे समजा. सर्वांत वर जंगल. त्याखाली तलावाचे पसरट पाणी. मग पार. पारेच्या खाली उताराला धानाच्या बांध्या, एकीपेक्षा दुसरी थोडी खालच्या पातळीवर, प्रत्येकीभोवती मातीचा धुरा. वरच्या बांधीत भरलेले पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरते. घरे मात्र या ओलिताच्या पट्ट्यात नाहीत. ती बाजूच्या उंचवट्यावर, जेथे धान पिकत नाही आणि पूर पोहोचत नाही अशा जागी. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर. भिंतींची आणि कवेलूंची चिकण माती पाण्याजवळच मिळते.

ढिवरांची वस्ती बहुधा पाण्याच्या जवळ. पारेवर झाडे, त्यांच्या सावलीत देव. गुरांना पाणी प्यायला काठाचा उथळ भाग. पाणी ओसरत गेले की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर गवत उगवते, ते उन्हाळ्यात गुरांना मिळते. तलावातून जमिनीत मुरलेले पाणी गावच्या विहिरींना पाझरते. तळातला गाळ उन्हाळ्यात गाड्यांनी शेतात जातो. एका तलावाकडून गाव किती कामे करून घेते, ते मोजा: ओलीत, मासे, शिंगाडा, गुरांचे पाणी, चारा, विहिरींचे पाणी, घराची माती, शेताचे खत. असे गाव ‘आपोआप वाढले’ असे कसे म्हणता येईल? कागद नसला तरी आराखडा होता.

पाण्याखालचे गाव

तलावाच्या पाण्यातही आखणी असते, पण ती निसर्गाची. काठाच्या उथळ पाण्यात देवधानासारखी गवते उभी असतात. थोडे आत कमळे आणि पोयणीची पसरट पाने. त्याहून आत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या संपूर्ण बुडालेल्या वनस्पती. त्यांचे तुकडे प्राणवायूचे बुडबुडे सोडताना तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले असतील. या प्रत्येक पट्ट्यात वेगळे मासे राहतात, खातात आणि अंडी घालतात.

मरळ घ्या. ती काठच्या वनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करते, तेथे अंडी तरंगत ठेवते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत राखण करते. मरळ, शिंगी, मागूर या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी गढूळ आणि थोडे झाले तरी ते तग धरतात. पहिल्या पुराबरोबर अनेक मासे उथळ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांतही चढतात. अशा माशांचे बी विकत आणावे लागत नाही. तलाव निरोगी असला की दर पावसाळ्यात ते आपले आपण वाढतात.

कोणता मासा कोणत्या वनस्पतीत सापडतो, कोणत्या नक्षत्रात चढतो, कोणते जाळे कोठे टाकावे हे ज्ञान ढिवरांच्या घराघरांत तोंडी चालत आले. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली यांच्यासारखे निसर्ग-अभ्यासकही अशा लोकांकडूनच शिकले. लिहिलेले नसले म्हणून ते शास्त्र कमी ठरत नाही. पण लिहिलेले नसले की ते लवकर हरवते, हेही खरे.

मालक बदलले

१८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमीनमोजणीत गावचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांच्या नावावर गेले. तेव्हाची व्यवस्था सर्वांना सारखी नव्हती. मालगुजाराचा शब्द मोठा होता. कुळांचे आणि ढिवरांचे हक्क त्याच्या मर्जीवर असत. पण एक गोष्ट होती. पार खचली, तर मालगुजाराच्या स्वतःच्या शेताचेही नुकसान होई. त्यामुळे उन्हाळ्यात गाळ काढणे, पारेवर माती चढवणे ही कामे होत राहिली.

भंडारा तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारच्या मालकीचे झाले. जमीनदारी संपणे हे न्यायाचे पाऊल होते. पुढे १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या काळात मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. मासेमारीचे हक्क ठेक्याने, बहुतांशी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे आले. पाणी एका कार्यालयाचे, मासे दुसऱ्याचे, वरचे जंगल तिसऱ्याचे! एका आराखड्याचे असे तुकडे झाले आणि दर उन्हाळ्याला गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न मधल्या मध्ये राहिला.

गाळाचा परिणाम किती होतो? समजा दोन तलावांत प्रत्येकी २ लाख घनमीटर पाणी आहे. पहिला १० हेक्टर पसरलेला आणि सरासरी २ मीटर खोल. दुसरा २० हेक्टर पसरलेला आणि १ मीटर खोल. दिवसाला ४ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर १०० दिवसांत ४० सेंटिमीटर पाणी उडून जाईल. पहिल्या तलावाचे ४० हजार घनमीटर, म्हणजे पाचवा भाग गेला. दुसऱ्याचे ८० हजार, म्हणजे पाचांत दोन भाग! गाळाने तलाव उथळ झाला की पाणी पसरते आणि सूर्य त्याचा मोठा वाटा उचलतो. ऑक्टोबरात धानाला पाणी मिळत नाही आणि मार्चमध्ये माशांना.

नवे पाहुणे

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. ते लवकर वाढतात आणि बाजारात भाव मिळवतात. पण तलावाच्या स्थिर पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले. या शोधाने देशातील मत्स्यशेतीचे रूप पालटले, आणि तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मामा तलावांतही हे मत्स्यबीज सोडले जाऊ लागले. उत्पन्न वाढले, परंतु बी दरवर्षी विकत आणणे आले. गवत्या माशासारख्या परदेशी जातींनी तर पाण्यातील वनस्पतीच खाऊन टाकल्या. आणि वनस्पती गेल्यावर मरळीसारख्या माशांची घरटी कोठे होणार?

दुसरी पाहुणी ‘बेशरम’. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप गुरे खात नाहीत, तोडलेली फांदी चिखलात पडली तरी रुजते. काठावर ते दाट माजले की देवधानाची आणि गवताची जागा जाते. शेतांतून येणारी खते आणि कीटकनाशके यांची त्यात भर. याचा परिणाम पक्ष्यांवरही होतो. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः याच तलाव आणि धानशेतीच्या प्रदेशात, गोंदिया आणि त्याच्या आसपास, थोड्या संख्येने उरला आहे. तो घरटे बांधतो ते उथळ पाण्यातील गवतात.

आसगावच्या पवनी तालुक्यातच आधुनिक आखणीचे उदाहरणही आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. वैनगंगेवरचे हे धरण ११ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याचे पाणी तलावांच्या कितीतरी पट मोठ्या क्षेत्रासाठी आहे. त्यासाठी मात्र अनेक गावे उठली आणि सरळ रस्त्यांच्या नव्या गावठाणांत वसवावी लागली. नव्या गावात घरांचे भूखंड कागदावर नीट आखलेले असतात. पण पाणी, शेत, चारा आणि मासे यांच्याशी घराचे जे जुने अंतर होते, ते कागदावर आखणे फार कठीण असते. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्णी माजते. मोठे पाणी म्हणजे निरोगी पाणी, असे नव्हे.

तलाव पुन्हा जिवंत होतो का?

होतो, पण नुसते खोदून नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर एक प्रयोग केला. जुन्या जाणत्या मासेमारांना कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते ते विचारले. मग बेशरम उपटली, तळाची उथळ जागा उन्हाळ्यात नांगरली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे सोडले. या कामात ढिवर स्त्रियांचा मोठा वाटा होता. पुढे त्या तलावांत वनस्पतींचे पट्टे परत आले आणि त्यांच्यामागून देशी मासेही आले. येथे जुने तोंडी ज्ञान आणि नवी शास्त्रीय नोंद एकत्र आली, म्हणून काम साधले.

महाराष्ट्रात २०१७ पासून धरणे व तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजनाही आली. योजना चांगली, परंतु यंत्राने घाईने खोदताना तळाची घट्ट चिकण माती फुटली तर तलाव गळू लागेल, आणि काठाचा उथळ उतार उभा कापला तर माशांच्या अंड्यांची जागा नाहीशी होईल. म्हणजे किती खोदायचे याइतकेच कोठे थांबायचे, हेही ठरवावे लागते. ते ठरवायला पारेचे, तुडुमाचे आणि पाण्याखालच्या गावाचे ज्ञान असलेला माणूस त्या बैठकीत बसलेला हवा. तो माणूस कदाचित तुमच्या वर्गातील एखाद्याचा आजोबा किंवा आजी असेल.

तुमच्या गावचा तलाव

शिक्षकांच्या मदतीने तुम्ही एक छोटी पाहणी करू शकाल. मात्र पाण्यात उतरू नका, आणि पारेवर मोठ्या माणसाबरोबरच जा.

१. तलावाचा नकाशा काढा. पाणी कोठून येते, पार कोठे आहे, सांडवा कोणत्या बाजूला आहे, जादा पाणी पुढे कोठे जाते, ते बाणांनी दाखवा.

२. काठाजवळच्या पाण्यात मोठ्या माणसाकडून खुणा केलेली काठी रोवून घ्या. दर रविवारी पाण्याची पातळी लिहा. दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या नोंदींचा आलेख काढा. तुडुम बंद असताना उतरलेले पाणी कोठे गेले?

३. काठावरच्या पाच वनस्पतींची स्थानिक नावे विचारा. त्यांत बेशरम आणि जलपर्णी किती जागा व्यापतात?

४. गावातील वयस्कर मासेमाराला भेटून त्यांच्या लहानपणी मिळणाऱ्या माशांची यादी करा. आज मिळणाऱ्या माशांची यादी तिच्या शेजारी लिहा. पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेली नावे लाल शाईने लिहा.

या चार पानांची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक ग्रामपंचायतीला द्या. कोलू पाटलाच्या काळी अशी नोंद ठेवायला कागद सहज हाताशी नव्हता. तुमच्याजवळ तो आहे, आणि लाल शाईतली नावे किती व्हायची हे अजून ठरायचे आहे.